गार बाटली

दोन प्रयोगशाळांनी एकाच रक्तातल्या पेशी निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या होत्या, पण आकडे एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. पलीकडचे म्हणत, नव्या लशीनं पेशी जाग्या होतात; इकडच्या पेशी ढिम्म. शुक्रवारपर्यंत मेळ बसला नाही तर लशीची चाचणी गुंडाळायची होती.

इकडचं काम मावशींचं. सर्वांत जुन्या तंत्रज्ञ, प्रमुखसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. पलीकडची तंत्रज्ञ पोरगी आली आणि शेजारी स्टूल टाकून बसली.

"सासूनंही माझ्या हाताकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"मी नुसती बसलेय, मावशी."

"नुसतं कुणी बसत नसतं गं."

पेशींची गोठलेली कुपी वितळली. मावशींनी फ्रीजमधून द्रावणाची बाटली काढली आणि पेशींवर ओतली.

"गारच ओतता?"

"मग काय फुंकून ओतू?"

"आम्ही कोमट करून थेंब थेंब घालतो."

दोघींनी एकेक कुपी आपापल्या पद्धतीनं केली. मेलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या दिसतात. पोरीच्या शंभरात आठ निळ्या, मावशींच्या साठ.

बावीस वर्षांपूर्वी द्रावण कोमट करायची पेटी बिघडली होती. तेव्हाचे साहेब म्हणाले, चार दिवस गारच वापरा. पेटी आठवड्यात दुरुस्त झाली; मावशींचा हात काही पूर्वपदावर आला नाही.

"द्रावणाची खेप खराब निघाली असं लिहू या का?" पोरगी हळूच म्हणाली. "चाचणी वाचेल, नावही कुणाचं येणार नाही."

निवृत्तीला सात महिने उरले होते. मावशींनी चष्मा पुसला, पुसलेलाच परत पुसला.

"माझ्या एकटीचं असतं तर ऐकलं असतं तुझं. पण मी चार पोरी शिकवल्यात. चार ठिकाणी बसून गार ओततायत त्या."

त्या प्रमुखांकडे गेल्या. ऐकून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "लिहून द्याल, मावशी?"

"आणलंय लिहून."

प्रमुखांनी पलीकडे कळवलं. सगळ्या कुप्या नव्यानं तपासायच्या ठरल्या, तोवर चाचणी चालू.

मग मावशींनी पहिल्या शिष्येला फोन लावला. "अगं, गार ओत म्हणून शिकवलं ना मी, ते चुकीचं शिकवलं."



"मला वाटायचं, माझाच हात वाईट," ती म्हणाली. "तीन वर्षं बोलणी खातेय इथे."



"कुणाची खातेस?" त्या म्हणाल्या. "दे त्याच्याकडे फोन."