थांबणार नाही अशी गाडी

खांगचं लग्न ठरलं आणि आमच्या गावात पहिला वाद झाला तो नवरी कुठल्या गाडीतून आणायची यावरून. पत्रिका, मांडव, जेवणावळ, सगळं मागं पडलं. मामा म्हणाले, आणायची तर जर्मन, नाहीतर सरळ सायकलवर आणा. चुलतभाऊ म्हणाला, कोरियन घ्या, भाडं कमी आणि दिसायला झोकदार. खांगला स्वतःला आपली देशी, व्हिएतनामी विजेची गाडी हवी होती, कारण तिच्यापाशी फोटो बरे येतात. गाड्यांचा विषय निघाला की आमची माणसं जेवायचं विसरतात. ज्याच्या दारात सायकलही धड नाही, तोसुद्धा जर्मन गिअरबॉक्सवर ठासून बोलतो.

खांगची आई न्यान या सगळ्यांना एकच विचारायची.

"बंद पडते का?"

रंग कुठला, आत गादी चामड्याची की कापडी, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तरणी पोरं तिला हसायची. वयस्क माणसं मात्र हसता हसता गप्प व्हायची, कारण त्यांना न्यानची स्वतःची वरात आठवत होती.

न्यान या घरात आली ती भाड्याच्या एका जुनाट मोटारीतून. तेव्हा जिल्ह्यात गाड्या होत्याच किती! सासरच्यांनी हौसेनं ठरवली, आणि ती बया नदीच्या बांधावरच्या वळणावर, गाव समोर दिसत असताना, जी रुसून बसली ती हलेचना. ड्रायव्हर हँडल फिरवून फिरवून दमला. वऱ्हाडानं धक्का मारून पाहिला. न्यान भर उन्हात, लाल कपड्यांत, आत मान खाली घालून बसून राहिली. मुहूर्त टळला. शेवटी कुणीतरी म्हशीची गाडी आणली आणि त्या गाडीतून सूनबाई दारात उतरल्या.

त्याच वर्षी सासऱ्यांना पक्षाघात झाला. सासू म्हणाली, गाडी थांबली तेव्हाच मला कळलं होतं. पुढच्या हंगामात भाताला कीड लागली, तेव्हाही तेच. न्यानचं पहिलं मूल पोटातच गेलं. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि सासू उशाशी उभी राहून तेच वाक्य म्हणाली. सासू वारल्यावर ते वाक्य थोरल्या नणंदेकडे, तुयेतकडे, वारसाहक्कानं आलं. तुयेतनं ते सासूपेक्षाही नेमानं वापरलं. खांग परीक्षेत नापास झाला, डुकरं रोगानं मेली, छपराचे पत्रे वादळात उडाले, प्रत्येक गोष्टीचं मूळ त्या बांधावर उभ्या राहिलेल्या मोटारीत.

आणि न्यानचा नवरा लूक? माणूस चांगला. दारू नाही, हात उगारणं नाही, कमवून आणलं ते बायकोच्या हातात. पण ते वाक्य निघालं की तो आपल्या चपलांकडे बघायचा. इतकी वर्षं मूग गिळून बसला. खरं सांगायचं तर न्यानला नणंदेच्या तोंडापेक्षा त्या चपलांचाच राग जास्त होता. पण हे ती कधी कुणाला बोलली नाही.

तेव्हा आता तिचं एकच मागणं होतं. तिची सून क्वेन या घरी येईल, तेव्हा तिची गाडी वाटेत थांबता कामा नये.

न्यानचा हमरस्त्यावर, पेट्रोलपंपाला लागून, सकाळच्या चिकट भाताचा ठेला आहे. मूगडाळ घातलेला पिवळा भात, वर तळलेला कांदा, केळीच्या पानात बांधलेला. टॅक्सीवाले, ट्रकवाले, सगळे तिथंच न्याहारी करतात. लग्नाआधीच्या त्या दिवसांत तिनं त्यांची जी उलटतपासणी चालवली, तिला तोड नव्हती. भाताचं पान हातात द्यायच्या आधी प्रश्न. इंजिन तापतं का? उन्हात उभी राहिली तर सुरू व्हायला कुरकुरते का? शेवटचं कधी ढकलावी लागली, खरं सांग.

खरं कोण सांगतो! ज्याची जी गाडी, ती त्याच्या मते जगात एक नंबर. कोरियनवाला जपानीला म्हातारी म्हणायचा, जपानीवाला कोरियनला तीन वर्षांची पाहुणी म्हणायचा, आणि जर्मन गाडीचा विषय निघाला की दोघं एक व्हायचे, कारण तिचा साधा दिवा गेला तरी सुटा भाग हनोईहून मागवावा लागतो. विजेच्या गाडीचा पोरगा सगळ्यांना मागासलेले म्हणून मोकळा व्हायचा आणि चार्जिंग संपत आलं म्हणून न्याहारी अर्धी टाकून उठायचा.

शेवटी न्याननं बंद गाड्या ओढून नेणाऱ्या क्रेनवाल्याला गाठलं. त्याला कुणाचीच बाजू घ्यायचं कारण नव्हतं. त्यानं दोन पानं भात संपवला आणि म्हणाला, "काकू, मी सगळ्याच ओढतो. जपानी कमी ओढतो, एवढं खरं. पण कधीच थांबणार नाही अशी गाडी मला तरी अजून भेटली नाही."

न्याननं त्यातलं 'कमी ओढतो' तेवढंच उचललं.

तिनं तोआनची गाडी ठरवली. तोआन रोज विमानतळाच्या खेपा करणारा टॅक्सीवाला, गाडी जपानी, चंदेरी, जुनी, पण पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली. ठरवण्याआधी तिनं त्याला भर दुपारी बांधावरून फेरी मारायला लावली. नवरी बसते त्या जागी, मागं, ती गुडघ्यांवर हात ठेवून बसली. ते वळण आलं तसे तिनं डोळे मिटले. गाडी सरळ पुढं गेली. तोआननं आरशात बघितलं तर काकूंच्या गालावरून पाणी चाललं होतं. तो बिचारा घाबरला, एसी जास्त झाला का म्हणून विचारायला लागला.

"परत एकदा घे," न्यान म्हणाली.

गाडी ठरल्याचं कळलं तसं तुयेतनं नाक मुरडलं. नवरीला टॅक्सीत आणणार का, मीटर कोण भरणार, मुलीकडचे की आपण, असं भर अंगणात विचारून तिनं तोंडसुख घेतलं. खांगनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि विजेच्या गाडीचा हट्ट त्याच क्षणी सोडला. पोरगं शहाणं आहे.

लग्नाच्या सकाळी तुयेत शहरातून सजावट घेऊन आली. टॅक्सीची लाज तरी झाकली पाहिजे ना! सुपाएवढं गुलाबांचं हृदय, दोन बाहुल्या, आणि पुढच्या जाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चुण्या घातलेलं दुहेरी लाल कापड. तोआन म्हणाला, आत्या, गाडीचं नाकच बांधलंत तुम्ही. आत्या म्हणाल्या, नाकानं श्वास घ्यायला ती काय म्हैस आहे? न्यानला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे दिसत होतं. कापड काढा म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण नणंद आज पहिल्यांदाच खुशीत होती, आणि आजच्या दिवशी भांडण नको, असं म्हणून ती भाताकडे वळली.

वरात नवरी आणायला गेली. लूक गेला, तुयेत गेली. मुलाच्या आईनं घरी थांबायचं असतं, आणि नवरी उंबरा ओलांडताना तर तिनं समोरही यायचं नसतं. मागच्या खोलीत जाऊन बसायचं, नाहीतर सासू-सुनेचं जन्मभर पटत नाही म्हणतात. न्यान जांभळा मखमली झगा घालून तयार होती. पंचांगवाल्यानं अकराच्या आतला मुहूर्त दिला होता. ऊन पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या मानानं फारच तापलं होतं.

बांधाकडून हॉर्न ऐकू आले. मांडवातल्या बायकांनी तिला मागच्या खोलीकडे पिटाळलं. ती दाराशी पोचली आणि हॉर्न थांबले. ती उभी राहिली. मग स्कूटरवरून शेजारीण आली आणि कुणाशीतरी हळू आवाजात बोलली. तो हळू आवाजच न्यानला पुरला.

ती मागच्या दारानं निघाली, स्वयंपाकघरातल्या रबरी सपाता पायांत तशाच. कुणीतरी ओरडलं, अगं, तू बाहेर जायचं नसतं. ती चालत राहिली. बांधाच्या चढावर तिला धाप लागली. आणि समोर तेच वळण. तेच नव्हे, थोडं अलीकडं. पण गाव इथूनही समोर दिसत होतं.

गाडीला विटांच्या ट्रकमागून गोगलगायीसारखं यावं लागलं होतं, एसी चालू, आणि नाकावर दुहेरी कापड. बॉनेट उघडं होतं, वाफ निघत होती. तोआन रडकुंडीला येऊन ते लाल कापड ओरबाडून काढत होता. खांग बाटलीतलं पाणी घेऊन उभा होता आणि तोआन त्याला आत्ता नको, आत्ता नको म्हणत होता. वऱ्हाड रस्त्यावर. मागच्या काचेतून क्वेन दिसत होती. लाल कपड्यांत, मान खाली.

तुयेत मुलीकडच्या बायकांना काहीतरी सांगत होती. न्यान जवळ गेली तसं शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"...आता बोलून काय उपयोग? गाडी थांबली तेव्हाच कळतं माणसाला."

तोआन तिला बघून पुढं झाला, काकू, गाडीचा दोष नाही हो, हे कापड, असं सुरू केलं त्यानं. तिनं त्याला हातानं थांबवलं. दोष कुणाचा, हे ठरवत बसलं तर इथंच भांडण पेटणार, आणि त्या भांडणाच्या मधोमध ही पोर बसून राहणार.

"गाडी मी थांबवायला सांगितली होती," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माझ्या मनात होतं, सुनेला इथून हाताला धरून चालत न्यायचं. म्हणून तोआनला सांगून ठेवलं होतं."

तुयेतनं विचारलं, "आणि ही वाफ?"

"तीसुद्धा मीच सांगितली."

मुलीकडची एक म्हातारी फिसकन हसली. तुयेतचा चेहरा लाल झाला. सासूनं तोंड दाखवायचं नसतं, एवढंही हिला कळत नाही, काय वाट्टेल ते बरळते आहे, असं म्हणत ती भावाकडे वळली.

"लूक, ऐकतोयस ना? खरं आहे का हे? सांग सगळ्यांना."

लूकनं खाली बघितलं. न्यानला ते ठाऊकच होतं. तिनं नजर फिरवली आणि गाडीच्या दाराकडे निघाली. नवऱ्याची वाट बघत उभं राहायची सवय तिनं कधीच सोडली होती.

"खरं आहे," मागून लूकचा आवाज आला. थोडा घोगरा, घसा साफ न करता निघालेला. "आमचं दोघांचं ठरलं होतं, ताई. आणि गाडी थांबली याबद्दल आता कुणी काही बोलायचं नाही. आजही नाही आणि मागचंही नाही."

न्यान वळली नाही. वळली असती तर तिथंच रडली असती, आणि मग खोटं सगळं उघडं पडलं असतं. तिनं दार उघडलं. क्वेननं वर बघितलं. काजळ पसरलं होतं पोरीचं. न्याननं आपल्या झग्याच्या बाहीनंच ते पुसलं, तिचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं. लूकनं कुणाची तरी छत्री घेतली आणि दोघींवर धरली. मागून खांग, त्याच्यामागून वऱ्हाड. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, तेव्हा त्यांनी जे येत होतं ते वाजवायला घेतलं.

चढ उतरताना क्वेननं हळूच विचारलं, "आई, गाडी खरंच तुम्ही थांबवलीत?"

"हो."

"सगळे म्हणत होते..."

"म्हणू देत," न्यान म्हणाली. "ऐक. उद्या तुझ्या हातून भात करपेल. खांगची नोकरी जाईल. कदाचित यापेक्षाही वाईट काही होईल, ते कुणाला चुकलंय? तेव्हा कुणी त्या गाडीचं नाव काढलं, तर तू मान खाली घालायची नाहीस. सांगायचं, गाडी माझ्या सासूनं थांबवली होती, जाऊन तिला विचारा."

क्वेननं तिचा हात घट्ट धरला.