फोटोच्या कडेची बाई

लेन्स घेणं म्हंजे बैल घेणं होये. दात पाहा, चाल पाहा, तरी घरी आणल्यावर थो बसूनच जाते. स्वस्तात घ्यायची असन तर इचारूच नका.

मी सुनील. दारव्ह्यात माझा फोटोचा धंदा, घर बोरी अरबजवळच्या तांड्यात. औंदा हौसेनं सेकंडहँड फुल फ्रेम कॅमेरा घेतला, अन् लेन्स जुनीच लावली. माझा पहिला कॅमेरा लहान सेन्सरचा, लेन्सच्या मधातलं चांगलं तेवढंच घ्यायचा. हा पठ्ठ्या सारंच घेते, कडेचं गदूळ भी. मधातली नवरी चकाचक, अन् कडेचे पाहुणे जसे पाण्यात बुडले.

पहिला फोटो अंगणात बाचा काढला. बा म्हंजे माझा बाप, किसनसिंग. आमची याडी, म्हंजे आई, रामीबाई, जाऊन लय वर्सं झाले. फोटोनं आयुष्य घटते म्हणे, म्हून तिनं जलमभर कॅमेऱ्यासमोर तोंड झाकलं. साऱ्या तालुक्याचे फोटो मी काढले, अन् घरच्या भिंतीवर आईचा एक नाही. बाची एकच रट, "सुन्या, मले तिचं तोंड आठवत नाही रे आता. मरायच्या आंधी एकदा पाहू दे."

त्या फोटोत कोपऱ्यात, निंबाखाली, घागरा-ओढणीतली एक बाई उभी होती. अंगणात तर आम्ही दोघंच होतो. मोठं करून पाह्यलं, तोंडाचा नुसता चिखल.

"रामी," बा म्हणाला.

मी कॅमेरा निंबाकडं वळवून अजून एक फोटो काढला. थे दुसऱ्या कोपऱ्यात गेली. किती भी फिरवा, कडेलाच. तवापासून बा रोज सांजच्याले ताट वाढून उंबऱ्यावर ठेवे अन् हाक मारे, "रामी, बाहीर काहून उभी? घरात ये." अन् फोटोत थे जवळ जवळ येऊन राह्यली होती. निंबाखालून रांजणापाशी, रांजणापासून पायरीवर.

मी यवतमाळले पिंटूच्या दुकानात गेलो. थो जुन्या लेन्सा इकते.

"कडेचं साफ पाह्यजे," म्हणलं.

"लग्नवाल्याले कडा कायले पाह्यजे बे? लोक नवरी पाह्यतात." मंग त्यानं एक जुनी मॅक्रो लेन्स काढली, किडामुंगीचे जवळून फोटो काढायची. "इचा फोकस म्हातारीच्या चालीचा, म्हून कोणी घेत नाही. पण कोपऱ्यापरेंत साफ. तुह्या खिशात हेच बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाले दारासमोर बसवलं अन् फोटो काढला. कोपऱ्यात दार होतं. दारात थे होती. ओढणीचा एक एक आरसा मोजून घ्या, इतकी साफ.

बा रडाले लागला. "हेच. हेच माझी रामी. किती वर्सानं पाह्यली."

मी पाहतच राह्यलो. बा विसरला असन, मी नाही विसरलो. तिच्या पोटचा पोरगा होय मी. याडीच्या हनुवटीवर गोंदलेले ठिपके होते, या बाईची हनुवटी कोरी होती. नाक वेगळं, डोळे वेगळे. हे बाई मी जन्मात पाह्यली नव्हती. अन् थे उंबऱ्याच्या आत उभी होती. रोज जेवाले बोलावून बानंच तिले घरात घेतलं होतं.

मले भेव लागलं, खोटं कायले बोलू. पण बा इतका खुश मी याडी गेल्यापासून पाह्यला नव्हता.

"बोल ना रे," बा म्हणाला. "तुही याडीच ना?"

"हो," म्हणलं.

बानं बसल्या जागेवरून घरात आवाज देल्ला, "रामी, ऐकलं का? पोरगं वळखते तुले."

घरात कोणीच नव्हतं. आतून उत्तर आलं, "हां."

आवाज भी याडीचा नव्हता.