केळीचा डाग

निंबाच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं. पण केळी कापणाऱ्यांच्या त्याच्या टोळीत स्वच्छ नखाचा माणूस शोधून सापडला नसता. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. दिसायला पाण्यासारखा, वाळला की काळा. कपड्यावर पडला तर कपडा फाटेपर्यंत राहतो.

मेघा जळगावला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. रविवारी चोपड्याला आली, तेव्हा वडील भाकरी मोडत असताना तिचं लक्ष त्या नखाकडे गेलं. काळा पट्टा मुळापासून टोकापर्यंत सरळ होता, आणि मुळाशी तो कातडीतही उतरला होता.

"आबा, हे कधीपासून आहे?"

"हाऊ केळीना डाग शे."

"कातडीतही गेलाय. डॉक्टरांना दाखवू या."

"टोळीमा बठ्ठासना हात असाच शेतस. तुले बठ्ठीकडे रोगच दिखस." निंबा बायकोकडे, रत्नाकडे वळून म्हणाला, "मास्तरीण घर उनी, आते परीक्षा."

रत्नानेही लेकीला समजावलं. कातडीचा तसला रोग गोऱ्या लोकांना होतो म्हणे. आपण जन्मभर उन्हात, आपल्याला काय होणार?

मेघाने वाद घातला नाही. तिने पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि काळ्या पट्ट्यावर, अगदी मुळाजवळ, एक बारीक आडवी रेघ घासली. नख वाढेल तशी ही रेघ पुढे सरकेल. वरचा डाग असेल, तर तोही तिच्याबरोबर पुढे जाईल आणि मागे नवं, स्वच्छ नख येईल. मागचं नखही काळंच आलं, तर आबांनी जळगावला यायचं.

"रोजना नवा चीक लागी, तेनं काय?"

तेही तिने योजलं होतं. रबरी हातमोज्याचं एक बोट कापून तिने अंगठ्यावर चढवलं आणि मनगटाला दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी बागेत टोळीतल्या सुपडूने ते पाहिलं. "निंबाभाऊ, अंगठाले बाशिंग बांधं का?"

"हा. वऱ्हाडले ये तू," निंबा म्हणाला, आणि टोळी पोटभर हसली.

ते रबरी टोपण मात्र त्याने दिवसभर काढलं नाही. संध्याकाळी हात धुतल्यावर तो दारात उजेडाला बसे, टोपण उतरवे आणि नख बघे. सुरुवातीला रत्नाला बोलावून दाखवायचा. पुढे तिला बोलावणं बंद केलं.

महिन्याने मेघा आली, तेव्हा टोपण खुंटीवर लटकत होतं. तिने हात मागितला. नख वरून सपाट घासलेलं होतं, मधोमध पापुद्र्याइतकं पातळ. रेघ नव्हतीच.

"विळाले धार लावता लावता मिटी गई," निंबा म्हणाला. "आते काय दिखाव?"

विळ्याला धार लावताना उजव्या हातात मूठ असते. त्या अंगठ्याचं नख दगडाला लागत नाही, हे मेघाला लहानपणापासून माहीत होतं. रेघ त्याच्या बाजूने बोलली असती, तर त्याने टोळीभर मिरवली असती.

"आबा, तुम्हाला दिसलं ना?"

त्याने अंगठा मुठीत झाकला. मग हळू म्हणाला, "अंगठा गया ते विळा कसा धरसू?"

जळगावच्या डॉक्टरांनी भिंगातून नख पाहिलं. तुकडा तपासायला हवा, पण कर्करोगाची शंका दाट आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"आम्ही काळे लोक, डॉक्टर," रत्ना म्हणाली.

"म्हणूनच उशिरा कळतं. आपल्या कातडीला उन्हापासून थोडं संरक्षण असतं, थोडंच, म्हणून टोपी-रुमाल आपल्यालाही हवाच. पण हा रोग उन्हाचा नाही. आपल्याकडे तो बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो. तिथे कोण बघतं?"

मग त्यांनी निंबाला सदरा काढायला लावला आणि उजव्या काखेत बोटं दाबून पाहिली. बोटं एका जागी थांबली, तिथेच पुन्हा फिरली.

"इथे गाठ आहे. रोग बोटातून पुढे सरकला, तर आधी इथे दिसतो. हीसुद्धा तपासायला पाठवू."

निंबाने गाठीचं काही विचारलं नाही. "अंगठा कुठपर्यंत जाई?"

"रोग ठरला तर बहुधा एक पेर. जास्तही लागू शकतं."

परतताना बसमध्ये जागा मिळाली नाही. निंबाने उजव्या हाताच्या चार बोटांनी वरचा दांडा धरला, अंगठा मुद्दाम वेगळा ठेवून. बस वळली तरी पकड सुटली नाही. महिन्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला होता.

"देख, अंगठाबिगर बी धराई जास. हाई दुखनं काय इतलं मोठं नही."

मेघाचं लक्ष त्याच्या काखेकडे गेलं. तिथे सदरा घामाने भिजला होता.

"हो आबा," ती म्हणाली.