गाडी सेल्फ घेत नाही

"बॅटरी नवी घातली, तरी हिचं टकटक चालूच. जास्तच लाडावलीय," सासरे बॉनेटमध्ये डोकं घालून पुटपुटत होते, इतक्या जवळ की त्यांच्या तंबाखूचा वास मला येत होता. मी टॉर्च धरून उभी होते.

गणपतीला परवा गावी निघायचं होतं. गाव कणकवलीजवळ, वाटेत घाट, आणि स्टिअरिंगवर माझे सासरे गुणाजी परब. आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस, दुसऱ्या कुणाच्या हातात चावी देत नाही. गेल्या महिन्यात काळाचौकीच्या नाक्यावर त्यांनी मंडपाचा बांबू पाडला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी बांबूला नावं ठेवली. त्याआधी गाडी कठड्याला घासली, तेव्हा कठडाच पुढे आला होता म्हणालो. हल्ली चहाचा कप ते बशीच्या बाहेर टेकवतात, तर आम्ही मोठ्या बशा आणल्या.

या दिवसांत मेकॅनिक कुठला मिळतोय? म्हणून काम माझ्याकडे आलं. घरातला मिक्सर, पंखा मीच उघडते. मोबाईलवर बघून शिकले, थोडं झटके खाऊन.

चावी फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं आणि समोरचे दिवे विझायला यायचे. सासऱ्यांचं म्हणणं, सेल्फ जळाला. मी आधी बॅटरीला मीटर लावला. बारा व्होल्टच्या वर, ठणठणीत. त्यांनी चावी फिरवली तरी फारशी उतरली नाही. म्हणजे करंट आहे, पण पोचत नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली आणि पुन्हा चावी फिरवायला सांगितली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले आठ. गोम अर्थिंगच्या वायरीत होती.

वायर धरत धरत खाली गेले. तिचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. वायरीचं टोक आणि पत्रा यांच्या मध्ये दुधाच्या पिशवीचा तुकडा होता, छान गोल कापलेला, बोल्टपुरतं भोक पाडलेला. बोल्टच्या आट्यांतून दिव्यांपुरता करंट जात होता, सेल्फला तेवढा पुरत नव्हता.

दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या बायका आमच्या चाळीत पुष्कळ. पण टॅक्सी बंद पडली की नवऱ्याला पाने देता देता कुठला बोल्ट कशाचा हे शिकलेली एकच. माझ्या सासूबाई, रमाबाई, दारात स्टुलावर कोथिंबीर निवडत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी निवडलेल्या काड्या पुन्हा निवडायला घेतल्या.

तुकडा परत घातला असता तर आम्ही मुकाट एसटीने गेलो असतो. पण गणपतीनंतर मेकॅनिक मोकळा झालाच असता, आणि मग ती पिशवी त्याच्या हाती लागली असती. मी तुकडा मुठीत दाबला, पत्रा घासला, बोल्ट आवळला.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली. सूनबाईच्या हाताला गुण आहे, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं. माझा नवरा, हितेंद्र, बाहेर आला. घाटात हवं तर मी घेतो, असं काहीतरी तो चपलेकडे बघत म्हणाला. सासऱ्यांनी त्याला हातानेच उडवून लावलं, आणि आरसा नीट केला. जरा कॉटन ग्रीनपर्यंत फेरी मारून येऊ, कोण बसतंय, असं विचारलं.

कुणीच बसेना. हितेंद्रने फोन काढला. मी हात पुसायला फडकं शोधू लागले. गाडी सावकाश पुढे सरकली, आणि तिच्या नाकासमोरच शेजारच्यांची मुलं मंडपाचा पडदा ओढत होती. सासरे त्यांच्या दिशेनेच बघत होते, पण गाडी काही थांबेना. हितेंद्र ओरडला तेव्हा कुठे त्यांनी ब्रेक दाबला.

सासूबाई उठल्या. मांडीवरची कोथिंबीर जमिनीवर सांडली. खिडकीतून आत हात घालून त्यांनी चावी बंद केली आणि हात स्टिअरिंगवरच ठेवला.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमका आता दिसणा नाय."