तुतीच्या सावलीपायी

मित्रांनो, जिन्याखालच्या भिंतीवर धूळ खात टांगलेला हा राखाडी डबा म्हणजे मी, एक जुना सोलर इन्व्हर्टर. छतावरची पॅनेलं उन्हातून वीज करतात आणि मी ती घरात वापरता येईल अशी करून देतो.

मला आणण्याआधी घरात बरीच चर्चा झाली. घरमालक दादांची धाकटी बहीण सोलर बसवण्याचंच काम करते. तिने सांगितलं, की दुपारनंतर छतावर शेजारच्या तुतीची सावली पडते. सगळी पॅनेलं एका माळेत ओवून एकाच डब्याला जोडली, तर एक झाकोळलं की अख्खी माळ ढिली पडते. त्यापेक्षा प्रत्येक पॅनेलखाली एक छोटा मायक्रोइन्व्हर्टर बसवावा. सावलीतलं तेवढं मागे राहील, बाकीची आपलं काम करतील. पण ते महाग होते, आणि बिघडले की छतावर कोण चढणार? दादांनी मला निवडलं. मी हरखून गेलो.

सकाळी माझं काम झोकात चाले. दुपार कलली, की तुतीची फांदी एका पॅनेलवर पसरे आणि माझ्या पडद्यावरचा आकडा घरंगळत खाली येई. दादा माझ्यासमोर उभे राहून चुकचुकत. शेवटी त्यांनी शेजारच्या काकूंना फांदी तोडू देण्याची गळ घातली. काकू भिडस्त, हो म्हणाल्या. कापणारे आले. एका फांदीने भागायचं नाही म्हणत त्यांनी झाड बुंध्यापर्यंत उतरवलं. दादा बघत होते. थांबा म्हणाले नाहीत.

त्या दुपारी माझा आकडा ढळला नाही. दादांनी मला शाबासकीची थाप दिली. एवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. काकांची नजर गेलेली. रोज ते तुतीखाली खुर्ची टाकून पाखरं ऐकत बसत.

"एकच फांदी तोडली म्हणालीस ना? मग सगळी पाखरं कुठे गेली?"

काकूंची पावलं घाईघाईने घरात गेली. दादांचा हात माझ्यावरून खाली आला.

पुढे बहीण आली, बुंधा पाहून थबकली. "दादा, झाडाला हात लावण्याआधी मला विचारायचंस. सावलीतलं पॅनेल माळेतून काढून त्याला छोटा इन्व्हर्टर दिला असता."

दादा भिंतीपाशी गेले. "काका, फांदी नाही, अख्खं झाड गेलं. माझ्यापायी गेलं."

काकांनी खुर्ची दादांच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "वीज तरी पुरते ना आता?"

तो टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं, म्हणून जास्त लागलं.

आता काकांच्या अंगणात सावलीसाठी पत्रा आहे, आणि दादांनी आमच्याकडून वायर ओढून लावलेला पंखा. तो माझ्याच विजेवर फिरतो. वारा देतो, पाखरं कुठून आणणार? माझं कौतुक आजही होतं, आणि दर वेळी मला मान खाली घालावीशी वाटते.

मित्रांनो, छतावर काही बसवायचं ठरवलंत, तर दिवसभर सावली कुठून येते ते नीट पाहा. आणि त्या सावलीत कोण बसलंय, तेही पाहा.