‘थांब’ नावाची बाई

“‘नऊ कामकरणी मृत’ एवढं पुरे झालं की!” संपादक चिएन यांनी कागद टेबलावर आपटला. “गिरणीचं नाव आहे, बॉयलर फुटला ते आहे, मालकांना झालेलं दुःख आहे. आणखी काय हवंय तुम्हाला?”

“नावं,” यानबाई म्हणाल्या.

“बायकांची?”

“मेल्या त्यांची. गेल्या महिन्यात त्याच मालकाचं कुत्रं हरवलं, तर त्याचं नाव आपण छापलं होतं.”

मी प्रूफ घेऊन दारात उभा होतो. आलेलं हसू खोकल्यावर निभावून नेलं.

मी फांग, या शांघायच्या दैनिकात जुळारी. शिशाचे खिळे वेचून वेचून बोटं काळी झालीत, पण डोळे शाबूत आहेत. यान थिंग ही आमच्याकडे आलेली पहिली बाई बातमीदार, आणि तेव्हा अख्ख्या शहरात दुसरी दाखवा म्हटलं असतं तर कुणाला जमलं नसतं. आखूड कापलेले केस, पुरुषी बूट. “पंधरवडा टिकली तर माझ्या मिशा कापा,” असं मी खालच्या छपाईच्या दालनात सगळ्यांदेखत म्हणालो होतो. मिशा अजून आहेत त्या एवढ्याचसाठी, की बाईंनी कधी कात्री मागितली नाही.

आता त्यांच्या नावाचं सांगतो. आमच्या चिनी लिपीत उच्चार एक आणि अक्षरं ढीगभर, प्रत्येकाचा अर्थ निराळा. ‘थिंग’चं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ डौलदार. मुलीचं नाव थिंग म्हटलं की सगळे तेच धरून चालतात. यानबाईंचं थिंग ते नव्हे. त्यांचं ‘थांब’. चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापानं वैतागून ठेवलेलं. पहिल्या बातमीखाली संपादकांनी परस्पर ‘डौलदार’ लिहून पाठवलं, तर बाई तरातरा जिना उतरून माझ्यापाशी आल्या.

“मास्तर, माझं ‘थांब’ घ्या.”

“बाई, लोक हसतील हो.”

“हसू देत. माझ्या बापानं काय लिहिलं ते त्यांनाही कळू दे.”

अशा बाईपुढे चिएन किती वेळ टिकणार? शेवटी म्हणाले, “बरं, आणा नावं. पण एक जरी चुकलं ना, तर या पेपरात पुन्हा बायकांची नावं नाहीत. आणि तुम्ही पाककृतींच्या पानावर, कायमच्या.”

“चालेल,” बाई म्हणाल्या.

गिरणीमागच्या गल्ल्यांत माझंच बिऱ्हाड. आखूड केसांच्या बाईला तिथं कुणी दार उघडलं नसतं, म्हणून मला बरोबर घेतलं. एका घरी सासू चुलीपुढे कांद्याच्या पातीची पोळी उलटत होती. सुनेचं नाव विचारलं तर म्हणते कशी, “नाव? आम्ही तिला ‘ए’ म्हणायचो.” बाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मग सासूला आठवलं की लग्नाच्या पत्रिकेवर काहीतरी होतं, आणि पेटी उघडून ते शोधेपर्यंत पोळी करपली. नाव मात्र मिळालं.

मेंगांच्या घरी गेलो तेव्हा मेंगकाकू पांढरं नेसून भिंतीशी बसल्या होत्या. त्यांची लेक रेशमाचे कोष उकळायच्या कढईवर कामाला होती. वाफेनं पोरीची बोटं पांढरीफटक पडायची, ते मीही गल्लीत पाहिलं होतं.

“लान,” काकू म्हणाल्या.

“कुठलं लान, काकू? कसं लिहितात?”

“लान म्हणजे लान. हाक मारली की यायची.”

बाईंनी पेन्सिल थोपवली. “फुलाचंच असेल ना? ऑर्किडचं?”

काकूंनी नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पेपरात नऊच्या नऊ नावं आली. मी स्वतः जुळवली, आणि खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपराची सुरळी करून मेंग आजोबा आले. मुलीचे आजोबा, गावाकडे लोकांना सणाचे दारावरचे कागद लिहून द्यायचे, त्यामुळे अक्षराचा भारी माज.

“कुणी छापलं हे? माझ्या नातीचं नाव मी ठेवलंय! लान म्हणजे ‘अडव’! घरात येणारी पुढची मुलगी अडव, म्हणून ठेवलेलं. ऑर्किड कुठलं आलंय?”

यानबाईंचा चेहरा पांढरा पडला. जगात कुणालाही ही चूक माफ होती, पण ‘थांब’ नाव मिरवणाऱ्या बाईला हे सुचू नये? चिएन मात्र खुर्चीत रेलून बसले. “झालं समाधान? उद्यापासून पाककृती.”

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “दुरुस्ती मीच लिहिते.”

“नका हो लिहू!”

दारात मेंगकाकू. सासऱ्याच्या मागं धावत आल्या होत्या, धाप लागलेली. “शेजारच्यानं वाचून दाखवलं. फुलाचं लान म्हणाला. बरं वाटलं हो मला. तेच राहू दे.”

“तुला अक्षर तरी कळतं का?” म्हातारा खेकसला.

“नाही कळत, मामंजी. म्हणून तर तुम्ही वाट्टेल ते लिहिलंत.”

आता झाली का पंचाईत! दुरुस्ती छापली तर या आईच्या काळजाला पुन्हा डाग, आणि नाही छापली तर बाई खोटारडी ठरणार, पुढच्या सगळ्या नावांवर बोळा फिरणार. यानबाईंनी काकूंकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि उभ्यानंच लिहून कागद चिएनांपुढे सरकवला. चिएनांनी मोठ्यानं वाचलं:

“‘मेंग लान हिचं नाव आमच्याकडून चुकीचं छापलं गेलं. घरानं ठेवलेलं तिचं नाव ‘अडव’ असं होतं. आजपासून तिच्या आईनं ते बदलून ‘ऑर्किड’ ठेवलं आहे.’ ही काय दुरुस्ती आहे की बातमी?”

“दोन्ही. यात खोटं काय आहे ते दाखवा. दाखवलंत तर मी आत्ता पाककृती लिहायला बसते.”

चिएनांनी कागद पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला, आणि सही केली. म्हातारा पाय आपटत निघून गेला.

“बाई, तुमचं नाव कसलं?” काकूंनी विचारलं.

“थांब.”

“अगं बाई! मग तुम्हीही बदला की.”

“नको काकू. कामाला येतं ते. कुणी ‘थांब’ म्हणालं की मला वाटतं, हाक मारली. मग मी जातेच पुढं.”

काकूंनी त्यांना ते अक्षर दाखवायला लावलं. पेपरातलं बाईंचं नाव बोटानं गिरवून पाहिलं. पुढं कितीतरी दिवस गिरणीतल्या जिवंत बायका आमच्या फाटकाशी येऊन विचारायच्या, आमचं नाव कसं लिहितात? पाककृतींचं पान दुसऱ्याच कुणीतरी सांभाळलं.

यानबाई मग थांबल्या त्या नाहीतच. संप, दुष्काळ, लढाया, जिथून पुरुष बातमीदार परत फिरायचे तिथून त्यांच्या बातम्या यायच्या. ते ‘थांब’ अक्षर वापरून वापरून झिजलं, मला दोनदा नवं ओतून घ्यावं लागलं. शेवटी यांग्त्से नदीच्या पुराची बातमी आणायला गेल्या आणि ताप घेऊन आल्या. त्या तापातून उठल्या नाहीत.

तोवर चिएन गेले होते. नव्या साहेबांनी निधनाची चौकट लिहून खाली धाडली. पाहतो तर नावात ‘डौलदार’! मी कागद घेऊन तडक वर गेलो.

“अहो मास्तर, मेलेल्या माणसाला ‘थांब’ कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?”

“जन्मभर बाईंनी बरं दिसायची पर्वा केली नाही,” मी म्हणालो, “आता तुम्ही कशाला करता?” माझा आवाज चढला होता. चढू दे. खाली आलो आणि न विचारता खणातून ‘थांब’ काढून बसवलं.

दुपारी फाटकाशी मेंगकाकू उभ्या होत्या. चांगल्याच म्हाताऱ्या झालेल्या. त्यांनी पेपर विकत घेतला आणि मला काही विचारलं नाही. काळ्या चौकटीवरून बोट फिरवत फिरवत स्वतःच ते अक्षर शोधलं. शाई ओली होती, बोटाला लागली.

“थांब गं,” त्या म्हणाल्या.