मंगळावरची ती रेघ

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. दूरच्या कारखान्यात मला घासून लख्ख केले, पितळी कडे चढवले आणि कड्यावर एक खाच पाडली. ती खाच नेहमी वर ठेवायची, अशी शिस्त. मग मी चिलीच्या वाळवंटातील वेधशाळेत आले.

तिथे मंगळाचे फोटो काचेवर घेत. हे फोटो तपासणारी एदुविना मला त्या काचेवर टेकवून तासन्‌तास बघत बसे. मंगळावर कालवा दिसला, तर तो खणणारे हातही तिथे असणार, अशी सगळ्यांना आशा. नऊ वर्षे तिने डोळे ताणले, पण अहवालावर तिचे नाव कधी आले नाही. वेधशाळेचे प्रमुख, म्हातारे बालतासार तिला 'काचा पुसणारी' म्हणून चिडवत आणि वर म्हणत, "पोरी, एक कालवा सापडू दे, सांतियागोच्या पेपरात तुझं नाव छापून आणतो."

एका वाऱ्याच्या दुपारी तिने मला एप्रनच्या टोकाने खसाखसा पुसले. टोकात वाळू होती. माझ्या पोटावर बारीक ओरखडा उठला. कुणाला कळले नाही. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना.

दुसऱ्याच दिवशी तिला मंगळावर उभी रेघ दिसली. दोघांनी एकमेकांशी न बोलता चित्र काढायचे आणि मग ताडून पाहायचे, असा तिथला नियम. तिचे आणि बालतासारांचे चित्र हुबेहूब जुळले. डोळे चार असले तरी भिंग एकच होते, हे बिचाऱ्यांच्या लक्षातच आले नाही.

"काय सेन्योर, काचा पुसणारी म्हणत होतात ना मला?"

"चुकलो बाई, कान पकडतो. तार लिही. तुझं नाव आधी घाल."

मी तळमळत होते. मला तोंड कुठले?

तार लिहिण्याआधी तिने पुन्हा एकदा पाहिले. आनंदाच्या भरात खाचेकडे लक्ष राहिले नाही. खाच वर राहायची ती बाजूला गेली आणि मंगळावरची उभी रेघ आडवी झाली.

एदुविनाने मला आणखी थोडे फिरवले, तशी रेघही फिरली. मला गुपचूप सरळ केले असते, तर कुणाला कळणार होते?

"सेन्योर, तार राहू द्या. रेघ भिंगावर आहे. मीच पाडलीय."

"अगं, नीट बघ."

"नीटच बघितलं. तेवढंच तर येतं मला."

बालतासारांनी तारेचा कागद बाजूला सारला. त्यांनी अहवाल ओढला आणि लिहिले, 'कालवा नाही. तपासणी : एदुविना चोके.' ती ते वाचून रडली.

मग नवे भिंग आले आणि मी खणात गेले. मंगळावर कुणी आहे का, ही हुरहूर अजून जात नाही. मित्रांनो, काच पुसण्याआधी फुंकर मारा. आणि मनात असलेलेच समोर दिसू लागले, तर भिंग एकदा फिरवून पाहा.